रोजच्या छोट्या सवयी आणि आरोग्य : बडोद्यातील मराठी घरांसाठी माहिती

गुढीपाडव्याला ठरवलेला व्यायाम रामनवमीपर्यंत टिकला तरी पुष्कळ, असा अनुभव बहुतेक घरांत असतो. संकल्प मोठा असतो : रोज पहाटे पाचला उठायचे, तासभर चालायचे, साखर पूर्ण बंद, तेलकट बंद. चार दिवस उत्साह राहतो, पाचव्या दिवशी पाहुणे येतात आणि सगळेच सुटते. यात दोष माणसाच्या निश्चयाचा कमी आणि संकल्पाच्या आकाराचा जास्त असतो. रोज करता येईल इतकी छोटी गोष्ट धरली आणि ती सोडली नाही, तर वर्षभरात तिचा परिणाम दिसतो. ज्यांनी आवर्ती ठेव चालवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हप्ता लहान असला तरी चालतो, पण तो चुकता कामा नये.

या लेखात अशा सवयी कोणत्या, त्या कशा लावाव्यात, त्यांचे माप काय आणि कोणी काय जपावे, याची माहिती एकत्र दिली आहे. लेख मुख्यतः पन्नाशी उलटलेल्यांसाठी आहे, पण तरुणांनाही यातले बरेचसे लागू पडते.

प्रश्न किती मोठा आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. याशिवाय सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांची साखर नेहमीपेक्षा जास्त आहे, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही.

या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी छोट्या सवयींना सर्वांत जास्त महत्त्व आहे. चेन्नई येथे अशाच ५३१ लोकांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त नेहमीचा साधा सल्ला दिला, त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालणे, साखर व मैदा टाळणे आणि तेल-तूप कमी करणे या गोष्टी वारंवार पाठपुरावा करून करायला लावल्या, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. म्हणजे शंभरातले सोळा जण त्या काळापुरते तरी वाचले, आणि तेही कोणत्याही महागड्या उपायाशिवाय.

दुसरा प्रश्न स्वावलंबनाचा आहे. आपल्या अनेक घरांत मुले नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात आहेत. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातला जुना वाडा सोडून आई-वडील शहराबाहेरच्या सोसायटीत फ्लॅटमध्ये राहतात. अशा घरात पाय घसरून मांडीचे हाड मोडले, तर प्रश्न एका शस्त्रक्रियेवर थांबत नाही. पुढे कोण सांभाळणार, घर ठेवायचे की सोडायचे, इथपर्यंत तो जातो. खुर्चीतून हात न टेकता उठता येणे, जिना चढता येणे आणि मोरीत तोल न जाणे, या तीन गोष्टी उतारवयात पैशाइतक्याच मोलाच्या आहेत. त्या टिकवता येतात.

आपल्या शहराचा वारसा

बडोद्याला व्यायाम नवा नाही. येथील जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचे नाव जुन्या पिढीतील प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. लाठी, लेझीम, जोर, बैठका, जोडी, मलखांब यांचे पद्धतशीर शिक्षण माणिकरावांनी दिले. एका मुसलमान उस्तादाच्या नावाची तालीम त्याच्या मराठी शिष्याने नावारूपाला आणली, हीही आपल्या शहराची एक ओळख आहे.

पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांचा जन्म बडोद्याजवळच्या डभोईचा. बडोद्यात शिकत असताना त्यांनी माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले होते. मराठीतला अनेक खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाही द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्यातूनच निघाला.

या तालमींची एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे. तिथे नव्या मुलाला पहिल्या दिवशी शंभर जोर कोणी मारायला लावत नसे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सोबतीला माणसे आणि हळूहळू वाढणारी संख्या, अशी ती रीत होती. आजचे संशोधन सवयीबद्दल जे सांगते, ते यापेक्षा फार वेगळे नाही.

सवय कशी लागते

एकवीस दिवसांत सवय लागते, असे पुष्कळदा ऐकू येते. त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना प्रत्येकी एक छोटी गोष्ट रोज करायला सांगितली. कोणी जेवणासोबत फळ खाणे निवडले, कोणी पाणी पिणे, कोणी व्यायाम. २०१० मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. मात्र माणसामाणसांत फरक मोठा होता : कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. महत्त्वाचे म्हणजे, मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

यातून तीन नियम निघतात.

पहिला, नवी गोष्ट जुन्या सवयीला बांधावी. ‘रोज व्यायाम करीन’ हे वाक्य कच्चे आहे. ‘सकाळचा चहा संपला की कप विसळून दहा वेळा खुर्चीतून उठबस करीन’ हे पक्के आहे, कारण त्यात कधी आणि कुठे हे दोन्ही आले. देवपूजा, दूध तापवणे, वर्तमानपत्र, संध्याकाळचा दिवा, रात्रीच्या बातम्या या आपल्या घरातल्या पक्क्या खुंट्या आहेत. नवी सवय त्यांवर टांगावी.

दुसरा, सुरुवात इतकी लहान करावी की टाळायला कारणच उरू नये. पाच मिनिटे चालणे, दोन सूर्यनमस्कार, एक वाटी कोशिंबीर. अंग दुखत असले, पाऊस असला, घरी कार्य असले तरी होईल एवढेच माप ठेवावे. जास्त झाले तर आनंद, पण ठरलेले तेवढेच.

तिसरा, सामान समोर असावे. चालायचे बूट दाराशी, फळे टेबलावर, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर मागे. जे डोळ्यांसमोर असते त्याकडे हात जातो.

उद्दिष्ट कसे ठरवावे

‘वजन कमी करायचे’ हे उद्दिष्ट म्हणून उपयोगाचे नाही, कारण आज सकाळी काय करायचे ते त्यातून कळत नाही. उद्दिष्ट दोन भागांत लिहावे. एक, काय गाठायचे. दोन, त्यासाठी रोज काय करायचे. पहिल्यावर आपला पूर्ण ताबा नसतो, दुसऱ्यावर असतो. म्हणून हिशेब दुसऱ्याचा ठेवावा आणि पहिला भाग तीन महिन्यांतून एकदा तपासावा.

तपासायच्या मुख्य गोष्टी अशा :

• पोटाचा घेर : भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावे.

• रक्तदाब : १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर तो उच्च समजतात. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे.

• तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी : ५.७ पेक्षा कमी ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ व त्यापुढे मधुमेह.

• खुर्चीची चाचणी : हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयोगटात पुरुषांचे १२ पेक्षा आणि स्त्रियांचे ११ पेक्षा कमी झाले, तर पायांतले बळ सरासरीहून कमी आहे असे समजावे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि शेजारी कोणी असावे.

चालणे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती, तर चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. तो अर्धा तास एका दमात झाला पाहिजे असेही नाही.

दहा हजार पावलांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावात आहे. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा वाढणे थांबले. तेव्हा आज ज्यांची दोन हजार पावले होतात, त्यांनी दहा हजारांचा धसका घेऊ नये. आहे त्यात पाचशे वाढवावीत, ती पचली की आणखी पाचशे.

जेवणानंतरचे चालणे विशेष उपयोगाचे आहे. साखर वाढण्याचा धोका असलेल्या, साठीपुढच्या लोकांच्या एका छोट्या अभ्यासात तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर चांगली आटोक्यात राहिली. सलग पंचेचाळीस मिनिटे एकदाच चालून तेवढे साधले नाही. जेवल्यावर शतपावली घालायची आपली जुनी रीत त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सोसायटीच्या कॉमन प्लॉटला चार फेऱ्या किंवा गच्चीवर दहा मिनिटे, एवढेही पुरे. जेवून लगेच झोपाळ्यावर बसायचे ते फेऱ्या झाल्यावर बसावे.

बडोद्याचा उन्हाळा लक्षात ठेवावा. एप्रिल ते जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी साडेसहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर चालावे, निघण्यापूर्वी पाणी प्यावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चालू नये. घरातल्या घरात किंवा पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात. १८७९ पासून असलेली आपली कमाटी बाग चालायला उत्तम आहे, पण तिथे जायला-यायला तास लागत असेल तर ती सुटीच्या दिवसासाठी ठेवावी. रोजची जागा दारापासून दोन मिनिटांच्या आत असावी.

बळ आणि तोल

चालणारे पुष्कळ आहेत, पण बळाचा व्यायाम करणारे थोडे. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते पूर्ण भरून येत नाहीत. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, आणि ६५ पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरच्या घरी करण्याजोगे चार प्रकार असे :

१. खुर्चीवरून उठबस. ही आपली बैठकच, फक्त खुर्चीच्या आधाराने. पाच वेळांपासून सुरुवात करावी.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. सुरुवातीला आठ पुरेत.

३. टाचा उचलणे. ओट्याचा कठडा धरून चवड्यांवर उभे राहावे, सावकाश खाली यावे. दूध तापेपर्यंत दहा-बारा सहज होतात.

४. एका पायावर उभे राहणे. ओट्याला एक हात लावून दहा सेकंद, मग दुसरा पाय. जमू लागल्यावर एकच बोट टेकवावे. डोळे मिटून करू नये.

ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी दिवसातून एकदा तरी जमिनीवर मांडी घालून बसावे आणि उठावे. जेवणाचे टेबल आले तशी ही हालचाल घरातून गेली. गुडघे दुखत असतील तर मात्र हट्ट नको.

सूर्यनमस्कार

सूर्यनमस्कारात ताणणे, वाकणे, हातापायांचे बळ आणि श्वास हे सगळे थोड्या जागेत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत. आपल्या संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले आणि त्यावर पुस्तके लिहून हा व्यायाम देशाबाहेरही पोचवला. रथसप्तमीला एकदम १०८ घालून आठवडाभर अंग धरून बसण्यापेक्षा रोज दोन घालावेत आणि दर आठवड्याला एक वाढवावा. बारा झाले की घरगुती गरजेला पुरे आहे. अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. ज्यांना खाली वाकता येत नाही, ते खुर्चीचा आधार घेऊन सोपा प्रकार शिकू शकतात.

स्वयंपाकघरातील हिशेब

आपल्या पानात महाराष्ट्राची भाजी-आमटी आहे आणि गुजरातचे फरसाणही. सेव-उसळ तर दोन्हींची. काही सोडण्याची गरज नाही, पण माप पाहण्याची आहे. ते घरात येणाऱ्या मालावरूनच पाहता येते.

तेल : बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज सुमारे २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप पुरेसे, असे आपल्याकडील मार्गदर्शन आहे. आपल्याकडे हंगामात शेंगतेलाचा १५ किलोचा डबा भरतात. चार माणसांच्या घरात तो चार महिन्यांत संपला, तर माणशी रोज सुमारे ३१ ग्रॅम झाले. तोच पाच महिने पुरवला तर २५ ग्रॅम. डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे रोज मोजत बसावे लागत नाही. यात तूप आणि बाहेरचे तळलेले धरलेले नाही, हेही विसरू नये.

मीठ : माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. चार माणसांत एक किलोचे पुडके ५० दिवस तरी पुरले पाहिजे. पापड, लोणचे, गाठिया, चेवडा यांतून मीठ वेगळे जातेच, तेव्हा पुडके दोन महिने पुरले तर उत्तम. पानात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करणे ही सर्वांत सोपी पहिली सवय आहे.

साखर : दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज सुमारे ४० ग्रॅम. एकेक चमचा केला तर २० ग्रॅम वाचले. वर्षाला हे ७ किलो ३०० ग्रॅम होते, तेही एका माणसाचे. एकदम बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नसेल, तर दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करावा. आमटीतला गूळही साखरेतच धरावा. तो नैसर्गिक म्हणून मोजणीतून सुटत नाही.

प्रथिने : ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम लागतात. वाटीभर घट्ट वरणातून साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधातून ६-७ ग्रॅम मिळतात. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे या जेवणात ती कमी पडतात. दुपारी एक वाटी मटकी, मूग किंवा चवळीची उसळ ही सवय त्यासाठी चांगली. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच घ्यावीत.

क्रम : पानात कोशिंबीर आणि भाजी आधी, मग वरण-पोळी, शेवटी भात. भाज्या आणि फळे मिळून निम्मे पान भरावे. नवरात्र, उत्तरायण, दिवाळी या दिवसांत मोकळेपणाने खावे, पण सणाचा डबा सणानंतर पुन्हा भरू नये.

झोप

प्रौढांना रात्री सुमारे सात ते आठ तास झोप हवी. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि चालायला पाय निघत नाही, म्हणजे बाकीच्या सवयीही डळमळतात. उठायची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासात आटपावी, संध्याकाळी पाचनंतर चहा नको आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. परदेशातल्या मुलांशी रात्री बोलायचे असेल तर आठवड्याचे दिवस ठरवून घ्यावेत.

घरातील स्त्रिया

‘घरकाम हाच व्यायाम’ असे आपल्याकडे म्हणतात. घरकामात श्रम आहेत, पण त्यात चाल अखंड नसते, दम लागेल असा वेग नसतो आणि तोलाचा सराव नसतो. शिवाय पुरुष निवृत्त झाला की बागेत जातो, आणि घरातल्या बाईचा स्वयंपाक मात्र निवृत्त होत नाही. म्हणून घरातल्या सवयी ठरवताना तिची अर्ध्या तासाची वेळ आधी लिहावी. त्या वेळात चहा-नाश्ता दुसऱ्या कोणीतरी करावा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात, त्यामुळे बळाच्या आणि तोलाच्या व्यायामाची गरज त्यांना जास्तच आहे. त्यांची शेवटची ताटली शिळ्या पोळीची आणि उरलेल्या भाजीची असू नये, हाही आरोग्याचाच नियम आहे.

नोंद आणि खंड

कॅलेंडर आपल्या प्रत्येक भिंतीवर असते. दुधाचा खाडा जिथे लिहितो, तिथेच व्यायाम झाल्याची खूण करावी. एका सवयीला एक खूण, बाकी काही नको. घरात दोघे असतील तर दोन रंग वापरावेत.

खाडे पडणारच. लग्नकार्य, आजारपण, प्रवास, मुलांकडे मुक्काम ही कारणे खरी असतात. अशा वेळी दोन गोष्टी पाळाव्यात. लागोपाठ दोन दिवस शक्यतो चुकू देऊ नयेत. आणि परत सुरू करताना राहिलेली बाकी एकदम फेडायला जाऊ नये, चालू दिवसाचा हप्ता भरावा. आजारानंतर निम्म्या मापाने सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ववत यावे.

सोबत असली तर खाडे कमी पडतात. शेजारचे कोणी सकाळी सव्वासहाला खाली उभे आहे, हे माहीत असले की पाय आपोआप बाहेर पडतात. मंडळातल्या दोन-तीन घरांनी मिळून वेळ ठरवावी.

सावधगिरी

हृदयविकार, मधुमेह, दमा, सांध्यांचा विकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या ठेवाव्यात. घाम, थरथर, गरगरणे वाटले तर थांबून साखर घ्यावी. मधुमेहींनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम लागणे असे झाले, तर तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा. चांगले वाटू लागले म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती कमी करायची असेल तर आपली वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

पहिल्या बारा आठवड्यांचे पत्रक

आठवडे १ ते ३ : रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालणे. पानात वरून मीठ बंद.

आठवडे ४ ते ६ : वरील चालू ठेवून सकाळच्या चहानंतर खुर्चीच्या पाच उठबशा, पुढे दहा. चहात पाव ते अर्धा चमचा साखर कमी.

आठवडे ७ ते ९ : दुपारच्या जेवणानंतरही दहा मिनिटे चालणे. ओट्याशी टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे. जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने.

आठवडे १० ते १२ : सकाळी पंधरा मिनिटे वेगाने चालणे किंवा सूर्यनमस्कार. भिंतीवरचे जोर. रोज एक वाटी उसळ.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी पोटाचा घेर, रक्तदाब आणि खुर्चीची चाचणी पुन्हा मोजून पहिल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी लिहावी. मधुमेह किंवा उंबरठा असणाऱ्यांनी त्याच वेळी एचबीएवनसी करून घ्यावे, कारण ती चाचणी तीन महिन्यांचीच सरासरी सांगते. आकडा सुधारला असेल तर सवय तशीच ठेवावी. सुधारला नसेल तर सवय न सोडता तिचे माप थोडे वाढवावे आणि पुढच्या तीन महिन्यांचे पान उघडावे.

पत्रकातला पहिला आठवडा सोमवारपासून किंवा सणापासूनच धरायला हवा असे नाही. आज रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे हाही चांगला मुहूर्त आहे.